एल्क मारायच्या आधी तो वाहायचा कुणी ते ठरवा : कोलोरॅडोतल्या नव्या मराठी शिकाऱ्यांना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

डेन्व्हर, ऑरोरा, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स या पट्ट्यात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी हंटर एज्युकेशनचा कोर्स पुरा केला आहे आणि येत्या हंगामात एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, शिकारीला जायचं मनात धरलं आहे, त्यांच्यासाठी हे पत्र. एकेकाला फोनवर सांगून माझा घसा बसला, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते. तुमचे प्रश्न साधारण तीन असतात. रायफल कोणती घ्यावी? एल्क कुठल्या युनिटात, म्हणजे शिकारीच्या विभागात, जास्त? आणि कुणाच्या तरी ओळखीत साइड-बाय-साइड, म्हणजे रानात चालणारी छोटी मोटारगाडी, आहे, ती जंगलात कुठपर्यंत घालता येईल? जनावर पडल्यावर ते गाडीपर्यंत आणायचं कुणी आणि किती वेळात, हे मात्र अजून कुणीच विचारलेलं नाही. माझ्या मते सगळा बेत तिथूनच सुरू व्हायला हवा आणि उलट्या दिशेने आखायला हवा. आधी फ्रीझर, मग गाडी, मग पायवाट, मग जनावर आणि सगळ्यात शेवटी रायफल.

रायफलचा विषय लगेच संपवते. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर लागतं. दुकानदार काहीही सांगो, .३०८ किंवा .३०-०६ भरपूर झाली. दोनशे यार्डांवरून तुमच्या गोळ्या जेवणाच्या कागदी ताटलीत बसत नसतील तर नवी रायफल घेऊन त्या बसणार नाहीत. रेंजवर जा.

आता वजनाकडे येऊ. सह्याद्रीत कधी सांबर पाहिला असेल तर तो आठवा आणि त्याहून थोराड जनावर डोळ्यांसमोर आणा. पूर्ण वाढलेला एल्कचा नर तीनशे किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशेच्या. कातडं, हाडं, आतडी सगळं मागे ठेवलं तरी नराचं निव्वळ मांस नव्वद ते शंभर किलो निघतं आणि मादीचं सत्तरच्या आतबाहेर. दहा हजार फुटांवर, वाट नसलेल्या उतारावरून, आडव्या पडलेल्या झाडांवर पाय टाकत सामान्य माणसाने पाठीवर किती घ्यावं? पंचवीस किलो. चाळीस घेणारे असतात, त्यांचे गुडघेही मी पाहिले आहेत.

शंभर किलो मांस म्हणजे पंचवीसच्या चार खेपा. तुम्ही एकटे आहात आणि गाडीपासून पाच किलोमीटर आत नर पाडलात, तर चार खेपा भरलेल्या आणि मधल्या तीन रिकाम्या, मिळून पस्तीस किलोमीटर. त्यातले वीस ओझ्यासकट. शिवाय तुमचा तंबू, स्लीपिंग बॅग आणि रायफल कुठल्यातरी खेपेत बसवायची आहे, म्हणजे बहुतेक पाचवी खेप. पडलेल्या झाडांतून ताशी दोन किलोमीटर चाललात तरी चांगली चाल म्हणायची. म्हणजे दोन दिवस तर गेलेच, तिसराही जाऊ शकतो. तेच तिघे असाल तर पहिल्या फेरीत तीन ओझी बाहेर येतात, चौथ्यासाठी एकाला परत जावं लागतं, आणि उजाडताच लागलात तर एका दिवसात काम आटोपतं. म्हणून माझा हिशोब साधा आहे. एकट्याने दोन किलोमीटरच्या पुढे बंदुकीचा घोडा ओढायचा नाही. धडधाकट तिघांनी पाचपर्यंत जावं. त्यापुढे खेचरं ठरवलेली असतील तरच. एल्क समोर उभा असताना हा हिशोब कुणालाही सुचत नाही, म्हणून तो घरीच करून नकाशावर पेन्सिलीने गोल काढून ठेवायचा. गोलाच्या बाहेरचा एल्क कितीही देखणा असो, तो बघायचा आणि सोडून द्यायचा.

हा गोल महिन्याप्रमाणे लहानमोठा होतो, कारण खरी शर्यत उष्णतेशी असते. सप्टेंबरात, तिरकमठ्याच्या हंगामात, डोंगरावर पहाटे बर्फाळ थंडी असली तरी दुपारी पारा वीसच्या वर जातो. एल्कचं कातडं जाड, केस दाट आणि मांडीचं मांस हाताच्या कोपरापर्यंत खोल. मेल्यानंतरही त्या मांडीच्या आत, खुब्याच्या हाडाजवळ, ऊब तासन् तास कोंडून राहते आणि मांस हाडाकडूनच नासायला लागतं. वरून सगळं लालभडक दिसतं आणि घरी कापल्यावर वास येतो. ऑक्टोबरच्या शेवटी पायाखाली बर्फ असलं की तेच मांस सावलीत दोन रात्री टांगून ठेवता येतं. म्हणजे ज्या तिघांनी ऑक्टोबरात पाच किलोमीटर जावं, त्यांनी सप्टेंबरात तीनवर थांबावं.

जनावर पडल्यावर काय करायचं हे व्हिडिओत सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी लिहिते, कारण वाहण्याचा निम्मा प्रश्न सुरीच सोडवते. सगळ्यात आधी कार्कस टॅग (एका जनावरापुरत्या परवान्याची चिठ्ठी) फाडून त्यावर सही आणि तारीख. मग कामाला लागायचं. जनावर कुशीवर पडलेलं असतं. पोट फाडायची गरज नाही. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून एक सरळ काप घ्यायचा आणि कातडं पोटाकडे सोलत न्यायचं. पुढच्या पायाला धडाशी हाडाचा सांधा नसतोच, तो नुसत्या स्नायूंनी छातीला धरलेला असतो. जोडीदाराने पाय वर उचलून धरला की सुरी काखेतून फिरते आणि पाय सुटून त्याच्या हातात येतो. (जोडीदाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो पायासकट मागे पडतो.) मागच्या पायाला खुब्याचा सांधा शोधावा लागतो. मांडीच्या आतल्या बाजूने हाडालगत कापत गेलं की पांढराशुभ्र गोळा दिसतो, त्याला धरून ठेवणारी आतली दोरी कापली की पाय मोकळा. मग कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मांस, आणि जनावर उलटवून दुसऱ्या बाजूला हेच सगळं पुन्हा. शेवटी बरगड्या संपतात तिथून हात आत घालून कण्याखालच्या दोन नाजूक पट्ट्या ओढून काढायच्या.

प्रत्येक तुकडा हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलात तर मांस घामेजून नासेल. पिशव्या सावलीत, जमलं तर ओढ्याच्या काठच्या गार हवेत फांदीला टांगायच्या आणि सांगाड्यापासून शंभर पावलं तरी लांब. अस्वल आधी सांगाड्यावर येतं, त्याचं पोट तिथेच भरू दे. कोलोरॅडोत फक्त काळं अस्वल आहे. ग्रिझली अस्वलाच्या मुलुखात, म्हणजे मोंटाना किंवा उत्तर-पश्चिम वायोमिंगला कुणी निघालं असेल तर मांसाकडे परत येताना वाऱ्याची दिशा बघून, बोलत, अस्वल पळवायचा स्प्रे हातात घेऊन या.

कायद्याचंही इथेच सांगते. चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि आतल्या पट्ट्या आणल्याच पाहिजेत. शिंगं घेऊन मांस टाकून येणाऱ्याला इथे शिकारी म्हणत नाहीत, गुन्हेगार म्हणतात. नर की मादी याची खूण एका मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहिली पाहिजे, ती सफाईच्या भरात कापून टाकू नका. आणि दुसऱ्याच्या टॅगवर गोळी झाडणं बेकायदा आहे. "तू दमलास, मी मारतो, टॅग तुझा" हा मित्रप्रेमाचा प्रकार वॉर्डनला समजावता येत नाही. ओझी वाहायला मात्र परवाना लागत नाही. याचा फायदा घ्या.

साइड-बाय-साइडच्या प्रश्नाला आता उत्तर देते. वन खातं प्रत्येक राष्ट्रीय वनाचा मोटार वाहन नकाशा फुकट देतं. त्यावर ज्या रस्त्याला क्रमांक आहे त्याच रस्त्यावर, दिलेल्या तारखांतच आणि त्या प्रकारचं वाहन चालत असेल तरच. "सगळे जातात" ही जुनी चाकोरी नकाशावर नसेल तर ती बंद आहे. मांस आणायला म्हणूनही सहसा रस्ता सोडून गाडी घालता येत नाही. ई-बाईक वन खात्याच्या लेखी मोटार वाहनच आहे. आणि १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या जंगलात तर चाकच चालत नाही. साधी सायकल नाही की मांस ओढायची दोन चाकांची हातगाडी नाही. वाटेतलं झाड कापायला मोटरची करवत नाही. पाय, घोडा, खेचर, लामा.

तुमच्यापैकी काहींना हे जाचक वाटतं, हे मला ठाऊक आहे. कर आम्ही भरतो, जमीन सरकारी, मग चार किलोमीटर रस्ता उघडायला काय हरकत आहे, असं मला तोंडावर विचारून झालं आहे. हरकत एल्कची आहे. ओरेगॉनमधल्या स्टार्की प्रायोगिक जंगलात १९८९ पासून एल्कच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांच्या हालचाली नोंदवल्या जात आहेत. वाहनांच्या रस्त्यापासून एल्क लांब सरकतात आणि एटीव्हीचा (रानात चालणाऱ्या चारचाकी मोटारबाईकचा) धसका सगळ्यात जास्त घेतात, पायी माणसाचा त्याहून कमी, हे तिथे पुन्हापुन्हा दिसलं. शिकारीचा हंगाम सुरू झाला की कोलोरॅडोतही हेच घडतं. पहिल्या दिवशी रस्त्यालगतच्या प्रत्येक कुरणाच्या कडेला शिकाऱ्यांची भगवी जाकिटं दिसतात आणि दुसऱ्या दिवशी कळप दोन डोंगर पलीकडे गेलेला असतो. तुम्हाला हवा असलेला एल्क त्या खोऱ्यात आहे तो तिथे रस्ता नाही म्हणूनच. रस्ता उघडलात की तो पुढच्या खोऱ्यात जाईल आणि तुम्ही तिथे रस्ता मागाल.

हे रस्ते न काढणंही कुणीतरी मुद्दाम केलेलं काम आहे. तुमच्यापैकी बरेच जण ज्या फ्लॅट टॉप्स पठाराचं नाव घेतात, तिथे ट्रॅपर्स लेक नावाचं तळं आहे. १९१९ साली वन खात्याने आर्थर कारहार्ट या तरुण लँडस्केप आर्किटेक्टला तिथे पाठवलं, तळ्याभोवती रस्ता आखायला आणि सुट्टीतल्या बंगल्यांचे प्लॉट पाडायला. त्याने पाहणी केली आणि वरिष्ठांना सांगितलं की इथे काही बांधू नका, तळं आहे तसं राहू द्या. आणि वरिष्ठांनी ऐकलं! प्लॉट पाडायला पाठवलेला माणूस प्लॉट न पाडता परत आल्याचं उदाहरण आपल्याकडे शोधावं लागेल. पुढे १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्सचा २,३५,००० एकरांचा टापू विल्डरनेस म्हणून राखला गेला. आज व्हाइट रिव्हरचा एल्कचा कळप, राज्यातला सगळ्यात मोठा, याच पठाराच्या आसऱ्याने आहे. राज्यभरात मिळून पावणेतीन-तीन लाख एल्क असावेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इतके कमी उरले होते की वायोमिंगहून आणून सोडावे लागले. त्यांना परत उभं करण्यात शिकाऱ्यांच्या परवान्यांचा पैसा आहे आणि रायफली-काडतुसांवरचा केंद्रीय कर आहे, जो १९३७ पासून वन्यजीवांसाठी वळवला गेला आणि आज ११ टक्के आहे. तुम्ही पुढच्या आठवड्यात जी रायफल घ्याल तिच्यातूनही तो जाईल.

जागा कशी निवडायची? युनिटचा क्रमांक मला विचारू नका. १२ किंवा २४ सांगितलं तर पन्नास मराठी कुटुंबं एकाच ट्रेलहेडला, म्हणजे पायवाटेच्या तोंडाशी, गाड्या लावतील. नकाशा वाचायला शिका. आधी सगळे वाहनरस्ते आणि ट्रेलहेड रंगवा आणि प्रत्येकापासून एक किलोमीटरची पट्टी खोडून टाका. उरलेल्या तुकड्यांत तीन गोष्टी जवळजवळ कुठे येतात ते बघा. उत्तरेकडे तोंड असलेला दाट झाडीचा उतार, जिथे एल्क दिवसा बसतात. गवताचा मोकळा भाग किंवा जुन्या वणव्याची जागा, जिथे ते तिन्हीसांजेला आणि पहाटे चरतात. आणि पाणी. मग त्या जागेपासून गाडीकडे बोट फिरवत या. वाटेत चढ किती येतो? मांस घेऊन उतरायचं असेल तर देव पावला. पण पुष्कळ ट्रेलहेड उंचावर असतात आणि माणूस सकाळी गार हवेत झपाझप दरीत उतरतो. पंचवीस किलो घेऊन तीच दरी चढायची आहे, चार वेळा, हे त्याला संध्याकाळी कळतं. समोच्च रेषा कागदावर फुकट वाचता येतात. वाचा.

पडलेली झाडं मात्र नकाशावर दिसत नाहीत. खोडकिड्याने स्प्रूसची जंगलंच्या जंगलं वाळवली, ती झाडं आता आडवी होत आहेत. उपग्रहाच्या चित्रात करडी झाडी दिसली की समजा, तिथे किलोमीटरला तास लागू शकतो. म्हणून जुलै-ऑगस्टात एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन या. जाताना पाठीवर पाण्याचे कॅन घ्या, वीस लिटर. वर पोचल्यावर पाणी ओतून द्या म्हणजे उतरताना गुडघे वाचतील. ज्यांना हे जमलं नाही त्यांनी पेन्सिलीचा गोल आणखी लहान करायचा. वाईट वाटून घेऊ नका. गाडीपासून दीड किलोमीटरवरही एल्क मिळतो, रस्त्यापासून नजरेआड असलेल्या, कुणी थांबत नाही अशा चिंचोळ्या घळीत.

वाऱ्याचं एवढं लक्षात ठेवा: सूर्य वर आला की डोंगरातली हवा उताराने वर चढते, सावली पडली की खाली उतरते. सकाळी उशिरा खालून वर जाऊ नका, संध्याकाळी वरून खाली येऊ नका. एल्कच्या नाकापुढे तुमच्या महागड्या कॅमो जाकिटाचं काही चालत नाही. रायफलच्या हंगामात ते तसंही पाचशे चौरस इंच भगव्या किंवा गुलाबी झगमगीत कापडाखाली झाकलं जाणार आहे, त्यातच त्याच रंगाची डोक्यावरची टोपीही आली.

खेचरं किंवा घोडे भाड्याने मिळतात आणि तुमचं मांस बाहेर आणून देणारे पॅकरही मिळतात. ते राज्याकडे नोंदलेले आहेत का आणि त्या जंगलात काम करायची त्यांना परवानगी आहे का, हे आधी विचारा. ऐन हंगामात फोन केला तर ते दुसऱ्याच्या मांसात गुंतलेले असतात, म्हणून उन्हाळ्यातच बोलून ठेवा. लामाही भाड्याने मिळतात. एक लामा पंचवीस-तीस किलो नेतो, म्हणजे न कुरकुरणारा एक गडी. स्वतः जनावरं नेणार असाल तर राष्ट्रीय वनात तणमुक्त प्रमाणपत्राचंच गवत चालतं.

आता जे कुणी जाहीर बोलत नाही ते. तुमच्यातले बरेच जण एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर आहात. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक वैध शिकार परवाना असलेल्याचा. परवाना हातात नसताना मित्राची रायफल रेंजवर "एकदा उडवून" बघणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं आणि त्याची किंमत दंडाच्या पावतीवर संपत नाही, ती ग्रीन कार्डाच्या फाइलपर्यंत जाते. परवाना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कपाटातल्या रायफलचं काय, हाही प्रश्न येतोच. आपल्या इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसावरच्यांना कमीत कमी डोकेदुखीचा मार्ग तिरकमठा हा आहे, फक्त तो सप्टेंबरच्या उष्म्यात येतो हे वर लिहिलंच आहे. आणखी एक: राज्यात सलग सहा महिने राहिल्याशिवाय स्थानिकाचा परवाना मिळत नाही. स्थानिकाला एल्कचा टॅग साठ-सत्तर डॉलरला पडतो, बाहेरच्याला आठशेच्या वर. टेक्सासमधल्या मेव्हण्याचा टॅग तुमच्या पत्त्यावर काढून देऊ नका.

टॅगच्या सोडतीच्या, म्हणजे ड्रॉच्या, अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी असते, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे. ड्रॉ लागला नाही तरी सध्याच्या नियमांत कोलोरॅडोच्या रहिवाशाला तिरकमठ्याचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या रायफल हंगामाचे टॅग बऱ्याच युनिटांत थेट विकत मिळतात. यातला दुसरा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटाला येतो आणि काही वर्षी नेमका दिवाळीत. घरी आत्ताच बोलून घ्या. थेट विकत मिळणाऱ्या रायफल टॅगवर नरच मारता येतो आणि बहुतेक युनिटांत त्याच्या एका शिंगाला चार टोकं तरी हवीत, किंवा कपाळावरचं टोक पाच इंच. धुक्यात, झाडीत, धाप लागलेली असताना टोकं मोजायची आहेत. मोजता आली नाहीत तर बोट घोड्यावरून काढायचं. नव्या मंडळींना माझा आग्रह मादीच्या टॅगसाठी ड्रॉमध्ये अर्ज करण्याचा आहे. शिंगं मोजायची नाहीत, मांस कोवळं आणि ओझं एक खेप कमी. भिंतीवर लावायला काही मिळत नाही, हे खरं. आपल्या अपार्टमेंटच्या भिंती तशाही ते पेलणाऱ्या नाहीत.

शेजारच्या वायोमिंगचा मोह ज्यांना होतोय त्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. तिथल्या विल्डरनेसमध्ये राज्याबाहेरच्याला मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी सोबत गाइड किंवा तिथला रहिवासी लागतो. आणि दक्षिण वायोमिंगात रेल्वेच्या काळापासून सरकारी आणि खाजगी जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक आहेत. दोन सरकारी चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून असतील तर खाजगी जमिनीला पाय न लावता कोपरा ओलांडता येतो का, यावर मोठा खटला झाला. २०२१ मध्ये मिझूरीच्या चार शिकाऱ्यांनी चक्क शिडी लावून तो ओलांडला होता. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोलोरॅडो त्याच सर्किटमध्ये, म्हणजे न्यायकक्षेत, येतं. तरी फोनमधल्या जीपीएसच्या भरवशावर कुणाच्या कुंपणाशी खेळू नका, त्याची सुई पाच-दहा पावलं इकडेतिकडे सहज जाते.

उंचीला हलक्यात घेऊ नका. बोल्डरला राहतो म्हणजे सवय झाली, असं नसतं. तळ साडेदहा हजार फुटांवर टाकणार असाल तर आदली रात्र मध्ये कुठेतरी आठ-नऊ हजारांवर काढा. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं की टॅग विसरून खाली उतरायचं. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र गटात एक तरी असू द्या. घरच्या माणसाला कागदावर लिहून द्या की ट्रेलहेड कोणता, गाडीचा नंबर काय, तळ कुठे आणि किती वाजेपर्यंत निरोप नाही आला तर फोन करायचा. फोन त्या काउंटीच्या शेरीफला करायचा, कारण कोलोरॅडोत शोधमोहीम तोच चालवतो. मांस वाहण्याच्या दिवशीच माणसं हरवतात आणि पाय मोडतात, कारण अंधार पडलेला असतो, अंगात त्राण नसतं आणि अजून एकच खेप उरलेली असते. ती खेप सकाळी करा.

पैशांचं आणि वाट्यांचं निघण्याआधी बोला. जुन्या पारधीत हाका घालणाऱ्यालाही वाटा असायचा. इथेही टॅग ज्याचा त्याचंच सगळं, असं मनात ठेवून मित्रांना हमाल म्हणून नेलंत तर पुढच्या वर्षी फोन कुणी उचलणार नाही. आमच्याकडे पाठीच्या पट्ट्या टॅगवाल्याच्या आणि बाकी खेपांप्रमाणे. वाटा देताना चिठ्ठी करून द्यायची: तारीख, जनावर, देणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, सही. ती मांसाबरोबर राहिली पाहिजे.

राज्याची सरासरी पाच शिकाऱ्यांमागे एका एल्कच्या आसपास आहे, आणि त्या पाचांत तिथेच जन्मलेले, खेचरं बाळगणारेही मोजलेले आहेत. पहिल्या वर्षी तुम्ही रिकाम्या हाताने याल हे धरून चाला, पण बेत मात्र तो पडणारच असं धरून करा. ज्यांना माझ्याबरोबर नकाशा बघायला बसायचं आहे त्यांनी एका कागदावर एवढं लिहून आणावं: तुमचा महिना, गटातली माणसं, प्रत्येकाने गेल्या महिन्यात किती किलो घेऊन किती चढ चढला, शिकारीनंतर हातात रजेचे किती दिवस उरतात, आणि ऐनवेळी वाहायला येतील अशा दोघांचे फोन नंबर. रायफलचा मॉडेल नंबर नको. साइड-बाय-साइड आणायला हरकत नाही, ट्रेलहेडला ती उभी करू आणि कूलर तिच्यात ठेवू.

तुमच्यातलीच एक,
फोर्ट कॉलिन्स

ता. क. : क्रॉनिक वेस्टिंग डिसीजबद्दल तिघांनी विचारलं. मेंदू आणि मज्जातंतू पोखरणारा हा हरणांचा रोग पहिल्यांदा १९६७ मध्ये आमच्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला होता. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोगी निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांनी तो मरत नाही. तपासणीसाठी डोकं, निदान घशामागच्या लसिका ग्रंथी न्याव्या लागतात, म्हणजे ओझ्यात तेही धरा. निकाल येईपर्यंत प्रत्येक जनावराचं मांस वेगळ्या खोक्यात, नाव घालून फ्रीझरला ठेवा आणि तोवर कुणाला जेवायला बोलावू नका.